तो, ती आणि ‘ती व्यक्ती’

आमच्या साडूबुवांनी आजवर किती माणसं मारली, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही. कुणाला कॉफीतून विष दिलं, कुणाला जिन्यावरून ढकललं, एका पियानोवादकाला तर भर कार्यक्रमात पियानोच्या झाकणाखाली घेतलं. आणि माणूस म्हणाल तर असा, की घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढून बायकोला हाका मारणार.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं मोठं मजेशीर. दोन साडूंनी एकमेकांना कधी पसंत केलेलं नसतं. पसंती काय ती दोन बहिणींची. आपण आपलं समारंभात शेजारच्या खुर्चीवर बसायचं आणि पंखा कुणाच्या बाजूला फिरतोय ते बघायचं. पण आमचं जमलं. मी गमतीनं त्यांना ‘साडूबुवा’ म्हणायचो. एकदा त्यांच्या सेटवरच्या लाइटमननं ते ऐकलं, आणि तेव्हापासून टीव्हीच्या जगात ते नुसते ‘बुवा’ झाले. नवा माणूस पहिल्या दिवशी जरा बिचकूनच असतो. हे अंगारे-धुपारेवाले बुवा असतील असं त्याला वाटतं.

बुवांची सुरुवात झाली ती पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात. पंपाबरोबर घडी घातलेली एक पुस्तिका येते ना, जी कुणीच वाचत नाही, ती बुवा लिहायचे. ‘झडप सावकाश उघडावी. आवाज आल्यास घाबरू नये.’ रहस्यमालिका कशी लिहायची असं कुणी विचारलं की अजूनही ते सांगतात, “सोपं आहे. आवाज आल्यास घाबरावं, एवढीच सुधारणा केली.”

पंपांवरून ते रेडिओवर गेले. तिथं त्यांना कुजबुजराव भेटले. हे जुने नाटकातले नट. नाटकात त्यांच्या वाट्याला यायचं काय, तर दार उघडून ‘साहेब आलेत’ म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. पण त्यांची कुजबुज! ती पुरुषाची की बाईची, तरण्याची की म्हाताऱ्याची, काही म्हणता काही कळायचं नाही. कानाशी कुणीतरी हलकेच वर्तमानपत्र उलगडतंय असं वाटायचं. बुवांच्या मालिकांमध्ये खुनी शेवटच्या भागापर्यंत दिसत नाही, फक्त फोनवर कुजबुजतो. ती कुजबुज पहिल्यापासून यांची. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बँकेलाच माहीत असेल.

रेडिओवरून बुवा टीव्हीवर आले ते लेखक म्हणून. निर्माते झाले ते मात्र निव्वळ अपघातानं. पहिल्या मालिकेचा मूळ निर्माता अर्ध्यावर फर्निचरच्या धंद्यात शिरला आणि जाताना सगळी मालिका बुवांच्या गळ्यात घालून गेला. तेव्हापासून सकाळी खून लिहायचा, दुपारी जनरेटरवाल्याशी भांडायचं आणि संध्याकाळी प्रेताचं काम करणाऱ्या नटाला ‘बाबा रे, मेल्यावर शिंकू नकोस’ म्हणून विनवायचं, असा त्यांचा दिनक्रम. बंगल्याचा सेट प्लायवुडचा. त्यातला रुबाबदार जिना वर कुठंच जात नाही. श्रीमंतांची पात्रं ऐटीत चढून जातात आणि वर पोचली की पलीकडच्या शिडीवरून गुपचूप खाली उतरतात.

पण मला सांगायचंय ते निराळंच. पहिल्या मालिकेचा तिसरा का चौथा भाग लागला होता. आम्ही सगळे बुवांच्याच घरी. थोरली मेव्हणी, म्हणजे आमची ताई, टीव्हीकडे पाठ करून मटार सोलत होती. ती टीव्ही कधी बघत नाही. “बघायचं काय त्यात? ऐकू येतंय की,” म्हणते. पडद्यावर फोन वाजला. कुजबुज आली, ‘मी वाट बघतेय.’

“बाई आहे,” ताई म्हणाली.

“कोण?” बुवा म्हणाले.

“तुमचा खुनी.”

“कशावरून?”

“बघतेय म्हणाली ना. पुरुष असता तर बघतोय म्हणाला असता.”

बुवांचा चेहरा असा झाला, की मी पाण्याचा पेला पुढे केला. बोटांचे ठसे, कुलपं, घड्याळं, बुटांचे तळ, सगळं त्यांनी तपासून घेतलं होतं. आणि एक काना कमी पडला, तर खून उघडा! आपली भाषा चहाडखोर आहे हो. माणूस नुसता ‘आलो’ म्हणाला तरी ती लगेच सांगून मोकळी होते, की पुरुष आहे.

त्या दिवसापासून बुवांनी स्वतःचं असं एक मराठी तयार केलं. आलो, गेलो, बसलो, होतो ही क्रियापदं खुन्यांना कायमची बंद. खुन्यानं जे काय करायचं ते भविष्यकाळात: येईन, बघीन, सोडणार नाही. भूतकाळात काही करायचंच असेल, तर हाताशी एखादी वस्तू हवी: मी दार उघडलं, मी पत्र जाळलं. हे बाईही असंच म्हणते, पुरुषही असंच म्हणतो. आणि ‘मी’ फारच अडचणीत आणायला लागला की ‘मला’च्या आडोशाला उभं राहायचं: मला सगळं ठाऊक आहे, मला घाई नाही. इन्स्पेक्टरची तीच पंचाईत. संशयिताला ‘तू’ म्हटलं की ‘आलास’ की ‘आलीस’ हे ठरवणं आलं. म्हणून आमचे इन्स्पेक्टर अट्टल खुन्यालाही ‘तुम्ही हे का केलंत?’ असं अदबीनं विचारतात. पोलिसांच्या या सौजन्याबद्दल एका निवृत्त मुख्याध्यापकांनी बुवांचं खास अभिनंदन केलं होतं.

आणि या सगळ्यावरचा हुकमी एक्का म्हणजे ‘ती व्यक्ती’. सहा फूट उंच, मिशाळ, कुस्तीगीर असला तरी व्यक्ती म्हटल्यावर ‘ती’च.

ही सवय पुढे घरातही शिरली. ताई विचारायची, “अहो, रात्री जेवायला येताय ना?” फोनवर उत्तर यायचं, “येणं होईल.”

“माझं लग्न पुरुषाशी झालंय की व्यक्तीशी, ते एकदा सांगून टाका,” ताई म्हणायची.

एवढा बंदोबस्त करूनही ताई दरवेळी खुनी ओळखायचीच, ती गोष्ट वेगळी. पण बाकीचं जग ओळखत नव्हतं, आणि बुवांची गाडी मजेत चालली होती.

गेल्या मालिकेत एक घड्याळांचा व्यापारी मेला. माणूस असा खाष्ट, की तो मेल्यावर घरातली घड्याळंसुद्धा मोकळेपणानं टिकटिक करायला लागली. शेवटच्या आधीच्या भागापर्यंत संशयित उरले तीन. व्यापाऱ्याची बायको, त्याची बिनलग्नाची बहीण आणि दुकानाचा मॅनेजर. बायको आणि बहीण, म्हणजे भावजय आणि नणंद, यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीनं खिडकी उघडली की दुसरी लावणार. मॅनेजर बिचारा सज्जन. बुवांच्या मनातला खुनी होती ती बायको.

त्या भागाचं ध्वनिमुद्रण होतं त्याच दिवशी बुवांची दाढ उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुजबुजराव माइकसमोर आणि बुवा दंतवैद्याच्या खुर्चीत, असं झालं. त्यात ध्वनिमुद्रणाची खोली चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. कुजबुजराव धापा टाकत वर पोचले, खुर्चीत बसले, आणि समोरचा दिवा लागला. बुवांनी लिहिलेलं वाक्य होतं, ‘फार थकवा आलाय आता. एकदाचं संपू दे.’ कुजबुजराव म्हणाले, “दमलो आता. एकदाचं संपू दे.”

ते इतकं आतून आलं, की ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं वाक्य पुन्हा म्हणायला लावलंच नाही. तो म्हणाला, “वा! हेच ठेवू.”

भाग लागला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे बुवांच्या घरी. बुवांचा गाल अजून टम्म. ताईची पाठ टीव्हीकडे.

“पुरुष आहे,” ताई म्हणाली.

“काय?”

“तुमची व्यक्ती. दमलो म्हणाला.”

“अगं, बाई आहे ती!” बुवा ओरडले, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या तोंडानं खुनी सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी जो तो तेच बोलत होता. संशयितांमध्ये पुरुष एकच, तेव्हा मॅनेजर, आणि विषय संपला. इस्त्रीवाला म्हणाला, मॅनेजर. बसमधला कंडक्टर म्हणाला, मॅनेजर. बुवा दाढ पुन्हा दाखवायला गेले तर दंतवैद्य म्हणाले, “मॅनेजर ना? आ करा. आणखी मोठा. मला वाटलंच होतं!” तोंडात आरसा, चिमटा आणि कापूस असताना माणसानं नाही तरी कसं म्हणावं?

आता, मॅनेजर म्हणतात आणि निघते बायको, तर लोक आणखीनच चकित होतील की, असं मी बोलून गेलो. बुवांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी समोरचा बिस्किटाचा डबा बंद केला. “चकवणं निराळं आणि फसवणं निराळं, साडू. बाईच्या तोंडी मी ‘दमलो’ घातलं, म्हणजे मी खोटं बोललो. माणूस घरी बसून इतके आठवडे डोकं चालवतोय, त्याच्याशी खोटं?”

चॅनेलच्या मॅडमनी बुवांना बोलावून घेतलं. वयानं तरुण, बोलायला गोड, पण कामाला चोख.

“सर, दोनच मार्ग आहेत. मॅनेजरला खुनी करा.”

“मॅडम, त्यानं काहीच केलेलं नाही.”

“सर, तो काल्पनिक आहे.”

“म्हणून काय झालं? निरपराध आहे तो.”

“मग दुसरा मार्ग. शेवटच्या भागाच्या आधी पडद्यावर एक पट्टी टाकू, की मागच्या भागात आवाज देणाऱ्यांकडून शब्द चुकला. आणि पुढच्या मालिकेपासून आवाज कॉम्प्युटरचा. तो चुकत नाही.” त्यांनी तो ऐकवलासुद्धा. स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईंना पडसं झालंय, असा आवाज होता. “पट्टीशिवायही शेवटचा भाग लोकांना मनापासून पटला, तर मी काहीच बदलणार नाही. पण नाही पटला, तर आवाज देणाऱ्यांना घरी बसवावं लागेल, सर. मलाही वर उत्तर द्यावं लागतं.”

घरी बसवायचं म्हणजे काय, हे बुवांना ठाऊक होतं. पत्नी गेल्यापासून कुजबुजरावांना घर असं उरलंच नव्हतं. काम असो नसो, सकाळी आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टुडिओत हजर. चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर बसायचं, नव्या पोरींना ‘चमचा’ आणि ‘चष्मा’ यांतले दोन ‘च’ वेगळे करून दाखवायचे, साखरेवरून चहावाल्याशी वाद घालायचा. तो बाक काढून घेतला, की माणूस संपलाच.

त्यांना कुणकुण लागली होतीच. रविवारी ते बुवांकडे आले आणि सोफ्याच्या अगदी कडेवर बसले.

“बुवा, मला काढा.”

“गप बसा हो.”

“तसं नव्हे. तुमची मालिका वाचेल. ‘थकवा आलाय’ एवढं साधं वाक्य! पण जिना चढून आलो, आणि तोंडातून निघूनच गेलं. खरा दमलेला माणूस ‘थकवा आलाय’ म्हणतच नाही हो.”

“तेच तर माझं चुकलं,” बुवा म्हणाले. “मी लिहिलंच खोटं.”

मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण अशा वेळी साडूचं तेवढंच काम असतं. शेवटच्या भागाचं चित्रीकरण अगदी तोंडावर आलं होतं. पट्टी टाकावी तर कुजबुजराव जातात, न टाकावी तर प्रेक्षकाशी खोटं बोलणं होतं, आणि मॅनेजरला पकडावं तर बुवांना झोप लागणार नाही.

तेवढ्यात जिन्यात धडधड झाली. आमच्या दोघींनी, म्हणजे ताईनं आणि माझ्या बायकोनं, जुन्या बाजारातून एक झुलती खुर्ची आणली होती. हमाल करायचा नाही, हे त्यांच्या माहेरचं तत्त्व. एक पुढून, एक मागून, भिंतींचे पोपडे काढत त्या आत आल्या, खुर्ची दाणकन खाली ठेवली आणि पदरानं वारा घेत दोघी एकदम म्हणाल्या, “दमलो गं बाई!”

बुवा ताडकन उठले. “काय म्हणालात?”

“दमलो म्हणालो,” माझी बायको म्हणाली. “का? आम्ही दमायचं नाही?”

“तू एकटीनं खुर्ची आणली असतीस तर काय म्हणाली असतीस?”

“एकटीनं कशाला आणीन? हे आहेत की.” ‘हे’ म्हणजे मी. मी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं.

“समजा आणलीस!”

“दमले, म्हणाले असते.”

“आणि दोघींनी आणली तर?”

“दमलो. भावोजी, तुम्हाला बरं वाटतंय ना? त्या दाढेचं औषध जास्त तर झालं नाही?”

बुवा कुजबुजरावांकडे वळले आणि त्यांचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, “तुम्ही ‘मी’ म्हणाला नव्हतात! नुसतं दमलो. ‘मी दमलो’ नाही. ‘आम्ही दमलो’!” आणि ते आत फोनकडे धावले.

कुजबुजराव गोंधळून आमच्याकडे बघत राहिले. ताई शांतपणे खुर्चीचा पाय पुसत म्हणाली, “दोघी आहेत.”

पुढचे दिवस बुवा जेवताना दिसले नाहीत, फक्त जेवलेलं ताट दिसायचं. गंमत अशी, की ही चूक घेतल्यानं गोष्टीचं बरंच दुखणं पळालं. एका भागात खुन्याचा फोन येतो, तेव्हा बायको चक्क इन्स्पेक्टरच्या समोर बसून त्यांच्या कपात चहा ओतत असते. ते कसं, याचा खुलासा म्हणून बुवांनी कपाटात एक टेपरेकॉर्डर लपवला होता, आणि तो त्यांच्या मनाला पहिल्यापासून टोचत होता. आता टेपरेकॉर्डर हवा कशाला? चहा ओतत होती भावजय, फोन करत होती नणंद. जगासमोर खिडकीवरून भांडायचं आणि दार लागलं की एका उशीला दोघींनी अभ्रा घालायचा. खून झाला तो त्याच उशीनं, हे आता सांगायला हरकत नाही.

अडचण एकच. त्या दोन नट्या खऱ्या आयुष्यातही एकमेकींशी बोलत नव्हत्या. मेकअपच्या खोल्या वेगळ्या, पंखे वेगळे, येण्याच्या वेळा वेगळ्या. शेवटचा प्रवेश हातात पडल्यावर दोघींनी तो वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाचला. मग मोठी उठून धाकटीजवळ गेली आणि म्हणाली, “सरक जरा.” एवढ्यावर भागलं.

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी कुजबुजरावही आमच्यात होते. स्वतःचा आवाज ऐकायला ते कधी बसत नाहीत, पण ताईनं त्यांना नव्या झुलत्या खुर्चीत दामटून बसवलं. पडद्यावर इन्स्पेक्टर मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवतात. म्हणतात, “फोनवरची व्यक्ती ‘दमलो’ म्हणाली. या घरात असं म्हणेल असा पुरुष एकच.” मॅनेजर पांढराफटक. तेवढ्यात कोपऱ्यातून भावजय म्हणते, “त्यांना सोडा.” नणंद तिच्याशेजारी येऊन उभी राहते. दोघी एकमेकींकडे बघतात. एका घरात, एका माणसाच्या धाकात काढलेली सगळी वर्षं त्या बघण्यात होती. आणि दोघी मिळून म्हणतात, “दमलोच होतो आम्ही.”

मग खालच्या मजल्यावरून कुणीतरी जोरात ‘अरे!’ केलं, समोरच्या इमारतीतून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बुवांचा फोन वाजला. दंतवैद्य होते.

“ही सरळसरळ फसवणूक आहे!” ते गरजले. मग म्हणाले, “नाही, नाही. माझ्या दोन्ही मुली शाळेतून आल्या की असंच म्हणतात. बरोबर आहे तुमचं. माझंच लक्ष नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा मी तिथंच चहा घेत होतो, कुजबुजरावही होते. बुवांनी फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“सर, कमाल! लोक मागचा भाग पुन्हा लावून लावून बघताहेत. खरं सांगा, हे तुम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुजबुजरावांनी मान खाली घातली आणि कपातल्या चहाकडे बघत बसले.

“नाही मॅडम,” बुवा म्हणाले. “लिफ्ट बंद होती. आमचा आवाज जिना चढून दमला होता. मी फक्त तो कुणाबरोबर दमला, हे शोधून काढलं.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मी कपाकडे. आणि मग मॅडम खळखळून हसल्या. “मग तोच आवाज ठेवा, सर. आमच्या कॉम्प्युटरला दमच लागत नाही, करणार काय!”

कुजबुजरावांनी कप खाली ठेवला. शर्टाची कॉलर नीट केली. मग नेहमीच्या ऐटीत विचारलं, “नव्या मालिकेचं काम कधी सुरू?”

“अहो, अजून एक ओळ लिहिलेली नाही.”

“मग लिहा की. मी इथंच थांबतो.”

“हळू बोला हो!” बुवा दचकून स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले.

पण आतून ताईचा आवाज आलाच. “ऐकलं हं! थांबतो म्हणाले. या खेपेला पुरुष.”

“झालं,” बुवांनी कपाळाला हात लावला आणि पेनचं टोपण काढलं. “आता बाई करावी लागणार.”